पत्त्यावरचा माणूस

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला माझी बहीण आली, तेव्हा तिच्याबरोबर माझा भाचाही चार दिवस राहायला आला होता. पुण्यास तो संगणकाच्या कामावर आहे. फराळाचे ताट शेजारी ठेवून तो संगणकापुढे बसे तो जेवणाची हाक येईपर्यंत उठत नसे. काय करतो आहे म्हणून मी एकदा मागे जाऊन उभा राहिलो. "बेसबॉल खेळतोय, मामा," तो म्हणाला. मी पडद्याकडे पाहिले. तिथे मैदान नव्हते, चेंडू नव्हता, एकही माणूस धावताना दिसत नव्हता. होते ते फक्त आकड्यांचे तक्ते. आमच्या शाळेच्या निकालपत्रकासारखे.

थोड्या वेळाने त्याने मांडीवर थाप मारली. "मामा, गंडवलं यंत्राला!" चौकशी केली तेव्हा कळले ते असे: तीस संघांपैकी एक संघ त्याचा, बाकीचे एकोणतीस संगणक चालवतो. त्यांच्यापैकी एकाला भाच्याने तीन सुमार खेळाडू आणि एक चौतीस वर्षांचा, उताराला लागलेला फलंदाज दिला आणि बदल्यात वीस वर्षांचा एक उमदा पिचर उचलला. संगणकाने क्षणभर हिशेब केला आणि होकार दिला.

मी सहज विचारले, "त्या वीस वर्षांच्या पोराला कुणी विचारलं का?"

तो हसला. "मामा, तो नुसता आकडा आहे."

उत्तर बरोबरच होते. तरी ते माझ्या मनातून जाईना. मी पेशाने शिक्षक. माणसांचे आकडे करणे हा माझाही रोजचा उद्योग आहे. आणि कथा-कादंबऱ्या लिहितो म्हणून आकड्यांची माणसे करण्याची खोडही आहे. तेव्हा हा खेळ आला कुठून, आणि त्यात माणसांची अदलाबदल यंत्राशी करण्याची सोय कशी झाली, याचा मी माझ्यापुरता शोध घेऊ लागलो. त्यातून जो इतिहास हाती लागला तो वाचकांपुढे ठेवतो आहे. गणिताशी माझे मॅट्रिकनंतर फारसे सख्य राहिलेले नाही. त्यामुळे गणित थोडे आणि माणसे अधिक, असा हा प्रकार होणार.

बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ. आपल्या क्रिकेटशी त्याचे लांबचे नाते आहे. पिचर चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलावतो आणि चार ठाणी धावून मूळ जागी परततो. परतला की एक धाव. तिथल्या नॅशनल लीगची स्थापना १८७६ साली झाली. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, संघांच्या मालकांनी आपसांत एक करार केला. प्रत्येक मालकाने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि त्यांना इतर कोणी बोलवायचे नाही, असा तो करार होता. पुढे ही राखण पाचांवरून सगळ्याच खेळाडूंपर्यंत गेली. खेळाडूचा करार एक वर्षाचा असे. पण तो संपला की आणखी एका वर्षासाठी वाढवण्याचा हक्क मालकाकडे राही. वाढवलेल्या करारातही पुन्हा वाढवण्याचे तेच कलम आहे, असा मालकांचा अर्थ होता. म्हणजे एक वर्षाच्या कागदावर सही करणारा तरुण त्या संघाचा जन्मभराचा होऊन बसे. सुटण्याचे मार्ग दोनच: खेळ सोडणे, नाही तर मालकानेच दुसऱ्याला देऊन टाकणे.

ही देवघेव तिथे 'ट्रेड' या नावाने ओळखली जाते. आपण तिला सौदा म्हणू. अमेरिकन माणसाला मैदानातल्या खेळाइतकाच या सौद्यांचा नाद आहे. हिवाळ्यात मैदाने ओस पडली की वर्तमानपत्रांची पाने सौद्यांच्या बातम्यांनी भरत. १९१९ च्या डिसेंबरात बॉस्टन रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ हा आपला खेळाडू न्यूयॉर्क यांकीजला एक लाख डॉलर्सना विकला. ही बातमी जाहीर झाली १९२० च्या जानेवारीत. फ्रेझी हे नाटकांचे निर्माते. त्यांना पैशाची निकड होती. या विक्रीखेरीज बॉस्टनचे मैदान तारण ठेवून यांकीजच्या मालकाकडून मोठे कर्जही ठरले होते. रूथने आदल्या वर्षी २९ होमरन मारून विक्रम केला होता. न्यूयॉर्कला गेल्यावर पहिल्याच वर्षी त्याने ५४ मारले. बॉस्टनने १९१८ साली अजिंक्यपद मिळवले होते. त्यानंतरचे अजिंक्यपद त्यांना मिळाले २००४ साली.

इतर कित्येक सौदे वाचताना हसू येते आणि पाठोपाठ जरा ओशाळल्यासारखेही होते. १९२२ च्या ३० मे रोजी शिकागो आणि सेंट लुइस या संघांचे एकाच दिवशी दोन सामने होते. पहिला सामना संपला आणि दुसरा सुरू होण्याआधी मॅक्स फ्लॅक व क्लिफ हीथकोट या दोघांची अदलाबदल झाली. सकाळी ज्यांच्या विरुद्ध खेळले, दुपारी त्यांच्याच बाजूने उभे राहिले! १९६२ साली न्यूयॉर्क मेट्सने क्लीव्हलंडकडून हॅरी चिटी नावाचा खेळाडू घेतला. मोबदला म्हणून 'पुढे ठरवू तो एक खेळाडू' देण्याचे ठरले. काही आठवड्यांनी त्यांनी क्लीव्हलंडला पाठवला तो चिटीच. बिचाऱ्याचा सौदा स्वतःच्याच बदल्यात झाला. आणि १९८२ च्या ४ ऑगस्टला जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत मेट्सकडून खेळत असताना सामना चालू असतानाच त्याला कळवण्यात आले की, तू आता मॉन्ट्रियलचा. तो विमानाने फिलाडेल्फियाला गेला आणि रात्री नव्या संघाकडून मैदानात उतरला. एकाच दिवशी दोन शहरांत, दोन संघांसाठी, दोन थोर पिचरांच्या चेंडूंवर त्याने फटका मिळवला.

या गोष्टी अमेरिकन लोक मोठ्या चवीने सांगतात. मात्र ज्याची देवघेव झाली त्याचे घर, त्याच्या मुलांची शाळा, त्याचा शेजार यांचा उल्लेख या गोष्टींत सहसा येत नाही. तो येऊ लागला की गोष्टीतली गंमत कमी होते.

आता दुसरा धागा. खरा संघ विकत घ्यायला मालकाची तिजोरी लागते. पण मालक होण्याची हौस कोणालाही असू शकते. ती हौस भागवायला कागदी बेसबॉल निघाला. १९४१ साली ईथन ॲलन या माजी खेळाडूने तयार केलेला 'ऑल-स्टार बेसबॉल' बाजारात आला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावाची पुठ्ठ्याची एक चकती असे. चकतीच्या कडेला लहानमोठे भाग पाडलेले. ज्याने खऱ्या मैदानावर जास्त होमरन मारले त्याच्या चकतीवर होमरनचा भाग मोठा. मध्ये फिरता काटा. काटा थांबेल तसा निकाल. १९५१ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर गावी जे. रिचर्ड साइट्झ यांनी 'ॲपबा' नावाचा खेळ विकायला काढला. त्यात चकतीच्या जागी पत्ता आला आणि काट्याच्या जागी दोन फासे. फासे टाकले की छत्तीस प्रकारचे दान पडू शकते. प्रत्येक दानापुढे त्या खेळाडूच्या पत्त्यावर एक आकडा छापलेला. तो आकडा तक्त्यात पाहायचा की फटका, झेल की बाद ते समजते.

याहून पुढे गेला हॅल रिचमन. काट्याच्या खेळात पिचरच्या कौशल्याला काही किंमतच नाही, हे लहानपणीच त्याच्या मनाला टोचले होते. वयाच्या अकराव्या वर्षापासून फासे टाकून, टिपणे ठेवून त्याने स्वतःचा खेळ रचायला घेतला आणि पुढे कॉलेजात गणित शिकून तो पुरा केला. १९६१ साली 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' या नावाने तो प्रसिद्ध झाला. तीन फासे. त्यांतला एक ठरवतो की निकाल फलंदाजाच्या पत्त्यावर पाहायचा की पिचरच्या. उरलेल्या दोहोंची बेरीज ओळ दाखवते. सुरुवातीला धंदा बसला. तेव्हा रिचमनने वडिलांकडून कर्ज घेतले. खेळ चालला नाही तर वडिलांच्या विम्याच्या धंद्यात यायचे, अशी अट होती. खेळ चालला. एका विमा एजंटाला जग मुकले, आणि हजारो पोरांना रात्री जागायला निमित्त मिळाले.

या पत्त्यांच्या खेळांत सौदे होत ते मित्रामित्रांत. आठ-दहा जण मिळून मंडळ काढीत, पत्ते वाटून घेत आणि मग टपालाने, फोनवरून किंवा कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून अदलाबदल करीत. १९८० साली डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या स्नेह्यांनी 'ला रोटिसेरी फ्रांसेज' या न्यूयॉर्कच्या उपाहारगृहाच्या नावावरून जी 'रोटिसेरी' पद्धत चालू केली, तिच्यात तर फासेही गेले. खरे खेळाडू मैदानावर जे करतील त्याचेच गुण मोजायचे आणि आपण फक्त खेळाडू निवडायचे व बदलायचे. सौदा हा खेळाचा एक भाग होता, तो आता मुख्य खेळ झाला.

अशा सौद्यात समोर माणूस असतो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तुम्ही त्याला एकदा गंडवले तर पुढच्या खेपेला तो सावध होतो. तिसऱ्या खेपेला फोनच उचलत नाही. शेजारधर्म म्हणून थोडे सोडूनही द्यावे लागते. कारण मंडळ मोडले तर खेळायचे कोणाशी?

आणि ज्याला मंडळ नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी संगणक आला.

१९६१ मध्ये आयबीएम कंपनीत काम करणाऱ्या जॉन बर्गसन यांनी कंपनीच्या १६२० या यंत्रावर बेसबॉलचा एक कार्यक्रम लिहिला. त्या यंत्राची स्मृती अवघी वीस हजार अंकांची; आज मनगटावरच्या घड्याळातही त्याहून किती तरी अधिक मावते. खेळणाऱ्याने यादीतून आपला संघ निवडायचा, यंत्राने आपला निवडायचा, आणि मग सामन्याचा वृत्तांत कागदावर छापून बाहेर पडायचा. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजचा विद्यार्थी डॉन डॅगलो याने कॉलेजच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर दुसरा खेळ लिहिला. याच डॅगलोने पुढे एडी डॉमब्रोवर याच्याबरोबर १९८७ मध्ये 'अर्ल वीव्हर बेसबॉल' तयार केला. अर्ल वीव्हर हे बाल्टिमोर संघाचे नामांकित सूत्रधार. कोणता फलंदाज कोणत्या पिचरपुढे कसा खेळतो याची टिपणे जवळ बाळगण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांना बसवून लांबलचक प्रश्न विचारले गेले, या वेळी काय कराल, त्या वेळी काय कराल, आणि ती उत्तरे यंत्रात घातली गेली. वीव्हरांचा शहाणपणा असा यंत्राच्या अंगी आला.

पण वीव्हरांचा शहाणपणा मैदानावरचा होता. सामना तीन तासांत संपतो. निर्णय चुकला तर संध्याकाळी कळते. सौद्याचे तसे नाही. वीस वर्षांच्या मुलाची किंमत करायची म्हणजे तो पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी कसा असेल हे आज ठरवायचे. म्हणून यंत्राला सामना खेळायला शिकवणे त्या मानाने सोपे गेले; सौदा करायला शिकवणे अवघड. अनेक वर्षांचा कारभार, सौदे, पगार हे सगळे सांभाळणारे खेळ पुढे आले ते असे: १९९७ मध्ये क्ले ड्रेसलो यांचा 'बेसबॉल मोगल', आणि १९९९ मध्ये 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल'. या दुसऱ्याचा कर्ता मार्कुस हाइनझोन हा जर्मनीचा! ज्या देशात बेसबॉल फारसा कोणी पाहत नाही, तिथल्या माणसाने अमेरिकनांना त्यांच्या संघांचे मालक करून दिले.

यंत्र सौदा करते म्हणजे काय करते, हे भाच्याने मला समजावून सांगितले. प्रत्येक खेळाडूची ते एक किंमत ठरवते. आजची कुवत, पुढे वाढण्याची शक्यता, वय, मैदानावरची जागा, पगार, कराराची उरलेली वर्षे, दुखापत, असे सगळे मिळून एक आकडा. मग तराजूच्या एका पारड्यात तुम्ही देता ते, दुसऱ्यात मागता ते. तुमचे पारडे पुरेसे जड झाले की होकार. यंत्राने किती कडक असावे हे खेळणाऱ्याला आधी ठरवून ठेवता येते. कडक यंत्र शेराला सव्वा शेर घेतल्याशिवाय हलत नाही. तरुणांना अधिक मान द्यायचा की अनुभवी खेळाडूंना, हेही ठरवता येते.

कोणत्याही तराजूत खोट असते, आणि माणूस ती हुडकल्याशिवाय राहत नाही. यंत्र नुसती बेरीज करीत असेल तर चार चिल्लर खेळाडू घालून एक हिरा उचलता येतो. प्रत्यक्षात मैदानावर एका जागी एकच माणूस उभा राहतो, हे बेरजेला कळत नाही. यंत्र तारुण्यावर भाळणारे असेल तर कच्ची पोरे देऊन ऐन उमेदीचे खेळाडू मिळवावेत. गेल्या महिन्याच्या कामगिरीला ते भुलत असेल तर ज्याचे दैव नुकतेच उजाडले आहे तो खेळाडू, दैव मावळण्याआधी, त्याच्या गळ्यात मारावा. खेळ रचणारे दर वर्षी एक छिद्र बुजवतात, खेळणारे दुसरे शोधतात.

मुख्य म्हणजे यंत्राला राग नाही आणि आठवणही नाही. काल लुबाडले त्याच दारात आज पुन्हा जावे. ते तितक्याच आदराने आत घेते. आणि याचमुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. दहा वेळा यंत्राला फसवल्यावर खेळणाऱ्याला स्वतःचीच जीत गोड लागेनाशी होते. मग जाणते खेळाडू आपणच आपल्यावर बंधने घालून घेतात: वर्षाला इतकेच सौदे करीन; एकास चार असा व्यवहार करणार नाही; जो सौदा खऱ्या माणसापुढे ठेवायला लाज वाटेल तो यंत्रापुढेही ठेवणार नाही. असे 'घरचे नियम' या छंदात सर्रास आहेत. ज्याला स्वतःचे रक्षण करता येत नाही त्याच्याशी व्यवहार करताना नियम आपल्यालाच करावे लागतात, हे या लोकांना खेळता खेळता उमगले. मला ही गोष्ट सगळ्या इतिहासात फार आवडली.

यंत्रच फसते आणि माणूस शहाणा असतो, असे मात्र कोणी समजू नये. १९६४ च्या १५ जूनला शिकागो कब्जने लू ब्रॉक हा चोवीस वर्षांचा खेळाडू सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि अर्नी ब्रॉलिओ हा पिचर घेतला. दोन्हीकडचे मिळून सहा खेळाडू त्या सौद्यात होते. ब्रॉलिओने आदल्या वर्षी १८ सामने जिंकून दिले होते; ब्रॉकची सरासरी तेव्हा होती .२५१. कोणत्याही यंत्राला विचारले असते तर शिकागोची चांदी झाली, असेच ते म्हणाले असते. शिकागोची वर्तमानपत्रेही तसेच म्हणाली. पण ब्रॉलिओचे कोपर दुखत होते. त्याच वर्षअखेर त्याची शस्त्रक्रिया झाली. शिकागोसाठी त्याने एकंदर सातच सामने जिंकले आणि १९६६ मध्ये त्याचा खेळ आटोपला. ब्रॉकने उरलेल्या मोसमात .३४८ च्या सरासरीने फटके मिळवले, सेंट लुइसने त्याच वर्षी अजिंक्यपद घेतले, आणि १९८५ साली ब्रॉकची निवड त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात झाली.

दुसरा सौदा १९८७ चा. डेट्रॉइटला त्या वर्षी जिंकायचेच होते. त्यांनी अटलांटाकडून छत्तीस वर्षांचा डॉइल अलेक्झांडर हा पिचर घेतला, आणि दिला वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही. डेट्रॉइट आपल्या गटात पहिले आले. स्मोल्ट्झ पुढे अटलांटासाठी वीस वर्षे खेळला आणि २०१५ साली कीर्तिमंदिरात गेला. या सौद्यात कोण फसले, हे अजूनही एकमताने सांगता येत नाही. दोघांनाही जे हवे होते ते मिळाले. फक्त एक गोष्ट कोणत्याच हिशेबात नव्हती. स्मोल्ट्झ त्याच मिशिगन राज्यात वाढलेला, लहानपणापासून डेट्रॉइटचा भक्त; त्याचे आजोबा त्या संघाच्या मैदानावर कामाला होते. भाच्याच्या तक्त्यात वय, पगार, दुखापत यांचे रकाने आहेत. आजोबांचा रकाना नाही.

आता ज्या माणसासाठी हा लेख लिहायला बसलो त्याच्याकडे येतो.

कर्ट फ्लड हा सेंट लुइसचा खेळाडू. १९६३ पासून १९६९ पर्यंत सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा मान त्याला मिळाला. बारा वर्षे तो त्या संघात होता. घर, धंदा, स्नेही सगळे त्याच शहरात. १९६९ च्या ऑक्टोबरात संघाच्या एका अधिकाऱ्याने फोन करून त्याला कळवले की, तुझा सौदा फिलाडेल्फियाशी झाला आहे. वर्षाला नव्वद हजार डॉलर्स मिळवणारा हा माणूस. पण त्याला कोणी काही विचारले नव्हते.

या ठिकाणी मला माझी एक लहानशी हकिगत आठवते. नोकरीच्या सहाव्या वर्षी माझ्या हाती बदलीचा कागद पडला. मी ज्या शाळेत गेलो तिथला शिक्षक माझ्या जागी आला. दोघेही रडतखडत गेलो. मधल्या स्टँडवर आमची गाठ पडली तेव्हा त्याने मला त्याच्या वर्गातल्या एका मुक्या मुलीविषयी सांगितले. तिला पुढच्या बाकावर बसवा म्हणाला. कागदावर आम्ही दोघे सारखे होतो: पद तेच, पगार तोच. हिशेब अगदी बरोबर होता. ती मुलगी त्यात नव्हती.

मी मुकाट्याने गेलो. फ्लड गेला नाही. १९६९ च्या २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कुन यांना पत्र लिहिले. माझ्या इच्छेची पर्वा न करता विकत घ्यावी आणि विकावी अशी मालमत्ता मी नाही, हा त्याचा आशय होता. कमिशनरांनी नकार दिला. फ्लडने मार्व्हिन मिलर यांच्या खेळाडू-संघटनेच्या पाठिंब्याने न्यायालयात धाव घेतली. १९७० चे सबंध वर्ष तो खेळला नाही. नव्वद हजारांवर पाणी सोडले. ते वय पुन्हा येणार नव्हते. खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आला. विसाव्या शतकातल्या बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीयांना बंद असलेले दार १९४७ साली उघडणारा तो पहिला खेळाडू. आणि १९५६ च्या डिसेंबरात त्याचाही सौदा झाला होता, तेव्हा त्याने खेळच सोडला होता. पण त्या वेळी मैदानावर खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. सगळ्यांना पोटाची भीती होती. त्यांना नावे ठेवायला मी कोण?

१९७२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. बेसबॉल हा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे त्याच न्यायालयाने १९२२ साली म्हटले होते. ते विसंगत आहे हे मान्य करूनही न्यायमूर्तींनी ते मोडले नाही. मोडायचे तर कायदेमंडळाने मोडावे, असे सांगितले. फ्लडने मधल्या काळात, १९७१ मध्ये, वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून पाहिले. खेळ हातून गेला होता. तो पुन्हा कधीच खेळला नाही.

पण त्याने विचारलेला प्रश्न जागा राहिला. १९७३ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यात जो करार झाला त्यात एक कलम आले: जो दहा वर्षे वरच्या श्रेणीत खेळला आहे, आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात, त्याच्या संमतीवाचून त्याचा सौदा करता येणार नाही. त्याच डिसेंबरात शिकागोच्या रॉन सँटोने हा हक्क पहिल्यांदा बजावला आणि कॅलिफोर्नियाला जायला नकार दिला. आणि १९७५ च्या डिसेंबरात अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या तंट्यात लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की, करार एक वर्षाने वाढवता येतो याचा अर्थ एकच वर्ष, कायमचा नव्हे. शहाण्णव वर्षांची राखण त्या दिवशी संपली. योगायोग पाहा: एका साइट्झने खेळाडूंना पत्त्यावर आणले, दुसऱ्याने कागदावरून सोडवले. फ्लड १९९७ च्या जानेवारीत वारला. पुढच्या वर्षी कायदेमंडळाने त्याच्या नावाचा कायदा करून खेळाडूंना ते संरक्षण दिले. आपल्याकडे २००८ साली आयपीएलच्या निमित्ताने खेळाडूंची जाहीर बोली लागली, तेव्हा तीत उभे राहणारे स्वतः नाव नोंदवून आले होते. बोलीची हौस आपणही घेतली. पण तो हक्क कोणीतरी, कुठेतरी, आधी मागितला होता, याची आठवण असावी.

हे सगळे वाचून झाल्यावर मला वाटले, भाच्याला दाखवावे. तो निघण्याच्या आदल्या रात्रीची गोष्ट. तो संगणकापुढे होता आणि कपाळाला आठ्या होत्या. यंत्राच्या संघाशी एक मोठा सौदा जमला होता. दोन्ही पारडी तोलली गेली होती. यंत्राचा होकारही आला होता. अडले होते ते भलत्याच ठिकाणी. पडद्यावर एक ओळ उमटली होती. भाच्याने ती मला मराठीत सांगितली: "हा गडी दहा वर्षं खेळलाय आणि पाच वर्षं माझ्याच संघात आहे. तो येत नाही म्हणतो."

"नुसता आकडा आहे ना तो?" मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसलो आणि फ्लडची गोष्ट सांगितली. १९६९ च्या त्या फोनपासून. तक्त्यातल्या त्या माणसाला नाही म्हणता येते, कारण एका जिवंत माणसाने ते नाही आपल्या उमेदीच्या वर्षांची किंमत देऊन कमावले होते. एरवी वीस वर्षांचा तो पिचर मुकाट्याने गेलाच होता.

बहीण दारात येऊन उभी होती; कधी आली ते कळले नाही. भाच्याने सौदा मोडला. मग त्या नकार देणाऱ्या खेळाडूच्या नावावर जाऊन त्याने तो कुठल्या गावचा आहे ते पाहिले. आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याने तो रकाना उघडला असावा.